कॉर्डची नावं नको, आकडे लिहा

गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली की गिटारवाल्याची तारांबळ उडते. म्हणून वहीत कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) आकड्यांनीच लिहा; आकडा म्हणजे पट्टीतल्या सुराचा क्रमांक.

१. सी मेजर पट्टीमध्ये: सी १, डी मायनर २, ई मायनर ३, एफ ४, जी ५, ए मायनर ६. (सातवा डिमिनिश्ड, सुरुवातीला सोडून द्या.)

२. १ वरून निघा, ६, ४ किंवा २ कडे फिरा, मग ५. तिथे आलं की कान आपोआप १ मागतो. १-६-२-५ वाजवून बघा, म्हणजे कळेल.

३. पट्टी जी झाली? आकडे तेच, आता जी १: १-६-२-५ म्हणजे जी, ई मायनर, ए मायनर, डी.

फक्त पेटीवाला ‘पांढरी पाच’ (सीपासून मोजलेली पाचवी पांढरी कळ) म्हणाला तर ती जीची पट्टी, तुमचा ५ नंबरचा कॉर्ड नव्हे. या घोळात आमचा अख्खा अंतरा गेलाय.