चवथीला ऑटिस्टिक पाहुणा येणार असेल तर

माझा भाचा १४ वर्षांचा, ऑटिस्टिक. दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यात फोंड्याला आमच्याकडे येतो. पहिल्या वर्षी घुमट-शामेळ या वाद्यांच्या गजरात आरती सुरू झाली आणि तो कान दाबून न्हाणीत जाऊन बसला. ‘लाड फार झालेत,’ असं तेव्हा मीच म्हटलं होतं. त्याला तो आवाज अक्षरशः दुखत होता, हे बहिणीने नंतर समजावलं.

आता मी आठवडाभर आधी त्याला व्हॉट्सॲपवर माटोळीचे (गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीचे), खोल्यांचे फोटो आणि दिवसाचा क्रम पाठवते: कोण येणार, आरती किती वाजता, फटाके कधी. वेळ बदलली तर लगेच कळवते. मागची खोली त्याच्यासाठी रिकामी ठेवते. आरतीला थांबायचं की नाही, ते तो ठरवतो. कानावर हेडफोन असले तर काकांनी टोमणा मारायचा नाही!

विचारायचं ते थेट, एका वेळी एकच. मग थांबा. उत्तर यायला मिनिटही लागतं, आणि मध्येच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ‘माझ्याकडे बघून बोल’ म्हणू नका. नजर चुकवूनही तो ऐकतच असतो. हात फडफडवले तर धरू नका. गाल ओढणं बंद.

खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचा पदार्थ, तो खात नाही, सगळं एकत्र शिजलेलं म्हणून. भात आणि वरण वेगवेगळ्या वाट्यांत देते.

त्याला बोलतं करायचंय? गोव्याच्या सरकारी कदंब बसच्या मार्गांबद्दल विचारा. फक्त वेळ काढून बसा.