फेडरल जज व्हायचंय? आजच एक वही सुरू कर

मला अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ एका फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टाच्या, जजबाईंनी दिली. त्या दिवशी माझी आठ वर्षांची भाची मागच्या बाकावर बसली होती. बाहेर आल्याआल्या तिने विचारलं, "मावशी, त्या खुर्चीत बसायला काय करावं लागतं?" आता ती कॉलेजात आहे आणि प्रश्न अजून तोच आहे. तिच्यासाठी केलेली ही तयारी अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या इतर मुलांनाही उपयोगी पडावी.

आधी परीक्षेचा विचार डोक्यातून काढ. महाराष्ट्रात एमपीएससीची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश होता येतं. इथे फेडरल जिल्हा न्यायाधीशाला परीक्षा नाही की गुणवत्ता यादी नाही. राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतात, सिनेट मंजुरी देते आणि नेमणूक तहहयात असते. घटनेत वयाची किंवा पदवीची अटसुद्धा नाही. मग पाहतात काय? तू आजवर केलेलं काम.

शिक्षणाचं फार सांगत नाही. कुठलीही चार वर्षांची पदवी, एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, तीन वर्षं लॉ स्कूल, मग वकिलीच्या परवान्यासाठी बारची परीक्षा. त्यानंतर मात्र क्लर्कशिप, म्हणजे जजच्या हाताखालचं काम, सोडू नकोस, आणि जमलं तर ट्रायल कोर्टातलीच घे, जिथे साक्षीपुरावे होतात. जजच्या चेंबरमध्ये वर्ष-दोन वर्षं बसून सुनावणीची टिपणं काढताना आणि निकालाचे कच्चे मसुदे लिहिताना न्याय आतून कसा घडतो ते दिसतं.

मग कोर्टात उभी राहा. सरकारी वकील म्हणून राहा (केंद्राच्या वकिलीला नागरिकत्व लागतं) किंवा पब्लिक डिफेंडर (गरीब आरोपींना सरकारी खर्चाने मिळणारा वकील) म्हणून, पण साक्षीदार तपासण्याची सवय हवी. गुजरातेत पाटणला जन्मलेले अमित मेहता खासगी फर्ममधून वॉशिंग्टनच्या पब्लिक डिफेंडर सेवेत गेले, तिथे पाच वर्षं गरिबांचे फौजदारी खटले लढले आणि २०१४ मध्ये जिल्हा न्यायाधीश झाले. गुगलची मक्तेदारी बेकायदा ठरवणारा २०२४ चा निकाल त्यांचाच. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या मापदंडात साधारण १२ वर्षांची वकिली अपेक्षित आहे, तेव्हा घाई नको.

आता त्या वहीबद्दल. नाव पुढे गेलं की सिनेटच्या न्यायविषयक समितीची लांबलचक प्रश्नावली भरावी लागते. निकालापर्यंत किती खटले चालवले, त्यात एकटी किती आणि सहायक म्हणून किती, हे विचारतात. सर्वांत महत्त्वाचे दहा खटले मागतात, आणि त्या प्रत्येकात समोर कोण वकील होता, त्याचा पत्ता आणि फोनसुद्धा. लिहिलेले लेख, दिलेली भाषणं, संपादकाला धाडलेली पत्रं, सगळं द्यावं लागतं. वीस वर्षांनी हे आठवत नाही. म्हणून प्रत्येक खटला संपला की त्याच संध्याकाळी क्रमांक, जज, विरुद्ध बाजूचा वकील आणि तू स्वतः काय केलंस ते लिही. आणि त्या विरुद्ध बाजूच्या वकिलाशी आजच नीट वाग. त्याला तारीख वाढवून हवी असेल, कारण खरं असेल आणि तुझ्या अशिलाचं नुकसान होत नसेल, तर अडवू नकोस. पुढे तुझ्याबद्दल त्यालाच विचारणार आहेत.

कर वेळेवर भर, कागद जपून ठेव. एफबीआय चौकशी करते. स्थानिक बार असोसिएशनचं काम अंगावर घे, कारण राज्याच्या सिनेटरांची पसंती फार मोलाची, आणि त्यातले बरेच जण वकिलांची समिती नेमून मुलाखती घेतात.

मॅजिस्ट्रेट जजची, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांना कामात मदत करणाऱ्या जजची, वाटही लक्षात ठेव. ती नेमणूक जिल्हा न्यायाधीशच करतात, आठ वर्षांसाठी, आणि त्यासाठी किमान पाच वर्षांची सनद पुरते. संकेत बुलसारा २०१७ मध्ये ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात असेच मॅजिस्ट्रेट झाले आणि पुढे त्याच कोर्टात जिल्हा न्यायाधीश.

येत्या सुट्टीत घराजवळच्या फेडरल कोर्टात जाऊन बस. दार सर्वांना उघडं असतं. फोन घरी ठेव, वही ने, आणि एक अख्खी उलटतपासणी ऐकून ये.