उन्हाळी सल्ला : रंगीत पानांचा बिगोनिया कसा तगवाल?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. रेक्स बिगोनिया मूळचा आसामकडच्या दमट, सावलीच्या रानातला. त्याला १८ ते २६ अंश मानवतात. तेव्हा उन्हाळ्यात नवीन पानांची आस धरू नका. झाड जगले तरी पुष्कळ.

आपल्याकडे हे झाड तहानेपेक्षा पाण्यानेच जास्त मरते. दुपारच्या झळांनी पाने माना टाकतात आणि घरातले कुणीतरी तांब्याभर पाणी ओतते. माती ओली असून पान मलूल दिसत असेल, तर मुळे गुदमरलीत. मातीलगतचा आडवा कंद बोटाने दाबून पाहा. टणक असेल तर चिंता नाही. पचपचीत लागला तर सड धरली, तेवढा भाग चाकूने कापून टाका. पाणी द्यायचे ते वरची बोटभर माती सुकल्यावर, सकाळी, कुंडीच्या कडेने. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरे क्षार चढतात, म्हणून एसीचे ठिबकणारे पाणी साठवून वापरा. फिल्टरमधून वाया जाणारे पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त.

ओलावा हवेतून मिळू द्या. परातीत खडे, खड्यांत पाणी आणि वर कुंडी. बूड पाण्याला टेकू नये. कूलरच्या खोलीत झाड खुशाल ठेवा, फक्त झोतासमोर नको. धाब्याचे घर असेल तर दाराजवळचा उजेडाचा कोपरा उत्तम. स्लॅबच्या घरात पश्चिमेची खिडकी टाळा.

पानांवर पांढरी भुरी दिसली की कपाशी-भाजीपाल्यासाठी आणलेले गंधक फवारण्याचा मोह होतो. एवढ्या उन्हात गंधकाने पाने करपतात. रोगट पान खुडा, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा, हवा खेळू द्या. ठिबकसाठी आणलेले १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे खत घरात असले तरी पावसाळ्यापर्यंत थांबा. मग लिटरला १ ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा पुरे. कुंडी बदलायची तीही तेव्हाच. शेतातली काळी माती भरू नका, ती पाणी धरून बसते. कोकोपीट, पालापाचोळ्याचे कुजलेले खत आणि थोडी जाड वाळू घ्या.

मृगाचा पाऊस होऊन हवा निवली की निरोगी पानाच्या मागच्या जाड शिरांना ब्लेडने छेद द्या, पान ओल्या कोकोपीटवर सपाट दाबून खडे ठेवा. दीड-दोन महिन्यांत छेदांपाशी रोपे फुटतात.