घरी गाणे ऐकायचे असेल तर दोन स्पीकर घ्यावेत की सराउंड?

घरी संगीत ऐकण्यासाठी यंत्रणा घ्यायला गेल्यावर दुकानात बहुधा पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खर्जासाठीचा स्पीकर) असा चहूबाजूंनी आवाज देणारा सराउंड संच पुढे केला जातो, आणि तेवढ्याच पैशांत दोनच स्पीकर घेणे ग्राहकाला तोट्याचे वाटते. गाणे ऐकणे हाच मुख्य हेतू असेल, तर हा हिशेब उलटा करून पाहावा. ठरलेली रक्कम सहा ठिकाणी विभागली गेली की प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला थोडाच पैसा येतो, आणि गळ्यातील बारकावे नेमके तिथेच हरवतात.

निर्णयाआधी आपल्या संग्रहाकडे पाहावे. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लुमलाइन यांनी 1931 मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या; त्यापुढचे बहुतेक संगीत दोन वाहिन्यांसाठीच, म्हणजे डाव्या आणि उजव्या अशा दोन वेगळ्या ध्वनींसाठीच मुद्रित झालेले आहे. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या तर एकाच वाहिनीच्या, म्हणजे मोनो आहेत. असे ध्वनिमुद्रण पाच स्पीकरांवर लावले, तर मागचा आवाज रिसीव्हरने (सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या यंत्राने) स्वतः तयार केलेला किंवा पुढचाच पुन्हा वाजवलेला असतो. त्यामुळे खोली भरल्यासारखी वाटते, पण गायक नेमका कुठे आहे ते मात्र पुसट होते. मुळातच बहुवाहिनी असलेले संगीत एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या खास तबकड्यांवर, मैफलींच्या ब्लू-रेवर आणि अलीकडे डॉल्बी ॲटमॉस या चहूबाजूंच्या व वरच्याही ध्वनीच्या रूपात स्ट्रीमिंगवर मिळते. तुमचे ऐकणे त्यातले असेल, तरच सराउंडचा विचार करावा.

दोन स्पीकर घेतल्यावर खरे काम मांडणीचे असते, आणि त्याला अंतर मोजायच्या टेपपलीकडे काही खर्च नाही. दोन्ही स्पीकरांमध्ये साधारण दोन मीटर अंतर ठेवावे आणि बसण्याची जागा दोन्हींपासून तेवढ्याच अंतरावर ठेवावी, म्हणजे समभुज त्रिकोण होईल. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधले बारीक आवाजाचे छोटे भाग, कानांच्या उंचीला यावेत. मागच्या भिंतीपासून सुरुवातीला फूटभर अंतर सोडून तबल्याची साथ असलेला एखादा ख्याल लावावा: डग्ग्याचा घुमारा गाण्यावर चढत असेल तर स्पीकर थोडे पुढे ओढावेत, आणि फार कोरडा वाटत असेल तर मागे सरकवावेत. कोपरा शक्यतो टाळावा. फ्लॅटमध्ये एका बाजूला बाल्कनीची काच आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकांचे कपाट असे असतेच. काचेवर जाड पडदा ओढला की बराच फरक पडतो.

त्यानंतर एखादी मोनो तबकडी लावून डोळे मिटून ऐकावे. गाणाऱ्याचा आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधून, जिथे काहीच ठेवलेले नाही तिथून आला पाहिजे. तो एका बाजूला सरकला असेल तर अंतरे पुन्हा मोजावीत आणि बॅलन्स तपासावा. आवाज कुठून येतो हेच कळत नसेल आणि खर्जही पातळ झाला असेल, तर बहुधा एका स्पीकरची लाल आणि काळी वायर उलट जोडली गेलेली असते. ही चूक वाटते त्यापेक्षा फारच सर्रास होते.

सराउंडच घ्यायचे ठरले, तर पुढचे दोन स्पीकर याच रीतीने लावावेत आणि मधला त्यांच्या शक्य तितका जवळच्या जातीचा घ्यावा. मागचे दोन अगदी पाठीमागे नव्हे, तर समोरच्या दिशेपासून 100 ते 120 अंशांवर, म्हणजे खांद्यांच्या किंचित मागे असावेत. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर ही मांडणी नीट जमत नाही, आणि अशा हॉलमध्ये स्टिरिओच बरा. प्रत्येक स्पीकरचे अंतर रिसीव्हरमध्ये मोजून भरावे, कारण ध्वनीला एक मीटर कापायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात आणि रिसीव्हर त्यावरूनच वेळ जुळवतो. छोट्या स्पीकरांसाठी सबवूफरचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती मर्यादा, 80 हर्ट्झपासून सुरू करून पाहावा. ॲटमॉस ऐकण्यासाठी स्ट्रीमिंगचे उपकरण एचडीएमआयने जोडावे लागते. फोनवरून ब्लूटूथने पाठवलेले गाणे रिसीव्हरपर्यंत दोनच वाहिन्यांत पोहोचते.

घरात असा संच आधीपासून असेल, तर दोन वाहिन्यांचे गाणे लावताना रिमोटवरचा ‘स्टिरिओ’ पर्याय निवडावा. आवाजावर प्रक्रिया न करणारा ‘डायरेक्ट’ हा पर्याय ऐकायला आकर्षक वाटतो, पण अनेक रिसीव्हरांत त्याने सबवूफर बंद होतो, आणि पुढचे स्पीकर लहान असतील तर डग्गा जवळजवळ नाहीसाच होतो.