‘आऊन आय आल्गो’ : बडोद्याच्या कोजागिरीसाठी एक स्पॅनिश गाणे बसवताना

कोजागिरीच्या कार्यक्रमात दरवर्षी तीच भावगीते ऐकून कंटाळलेल्या तरुण मंडळींनी या वेळी स्पॅनिश गाणे म्हणायचे ठरवले, आणि ते बसवून देण्याचे काम दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर माझ्याकडे आले. गाणे होते आरबीडी या मेक्सिकन पॉप गटाचे ‘आऊन आय आल्गो’. तीन मुली आणि तीन मुलगे असलेला हा गट 2004 साली ‘रेबेल्दे’ या दूरचित्रवाणी मालिकेतून पुढे आला आणि हे गाणे त्यांच्या 2005 सालच्या ‘नुएस्त्रो आमोर’ या अल्बममधले आहे. ज्यांना असे गाणे आपल्या मंडळात बसवायचे आहे, त्यांच्यासाठी आमच्या तालमींतून हाती आलेली रीत येथे लिहीत आहे.

पहिले तीन-चार दिवस कागद हातात घेऊ नये. गाणे केवळ ऐकावे, आणि शीर्षकाची ओळ येते तेथे फोनवरचा वेग पाऊणपट करून ती पुन्हा पुन्हा ऐकावी. आम्ही हे केले नाही आणि त्याची शिक्षा लगेच मिळाली. एका मुलाने इंटरनेटवरून रोमन लिपीतले शब्द उतरवले आणि आपल्या सवयीप्रमाणे देवनागरीत लिहून सर्वांना वाटले. त्यात मधला शब्द ‘हाय’ असा होता. मराठी माणसाला ‘हाय’ दिसल्यावर तो उसासा टाकल्याखेरीज राहत नाही. पहिल्या तालमीला सहाही जण ‘आऊन हाऽऽय’ असे इतक्या कळवळून म्हणाले, की खालच्या मजल्यावरच्या काकू काय झाले म्हणून विचारायला वर आल्या. स्पॅनिशमध्ये ‘एच’ हे अक्षर लिहितात, पण त्याचा उच्चार करीत नाहीत. तो शब्द ‘आय’ असा आहे आणि त्याचा अर्थ ‘आहे’ इतकाच, कोरडा, आहे.

यानंतर शब्द देवनागरीत स्वतःच्या हाताने लिहावेत. येथे मराठी माणसाला मोठा फायदा आहे, आणि तो इंग्रजी शाळेच्या सवयीमुळे वाया जातो. स्पॅनिशमधले ‘टी’ आणि ‘डी’ हे आपले त आणि द आहेत, ट आणि ड नव्हेत. त्यामुळे ‘ते’ हा शब्द ‘टे’ असा म्हणणाऱ्याला तेथेच थांबवावे. ‘प’ आणि ‘क’ यांत हकाराचा लेशही नसावा, जो आपल्याला आपोआप जमतो. लॅटिन अमेरिकेत ‘झेड’चा उच्चार स होतो, म्हणून हृदय म्हणजे ‘कोरासोन’. ‘व्ही’ आणि ‘बी’ यांत उच्चाराचा भेद नाही, म्हणून आवाज म्हणजे ‘बोस’. ‘च’ मात्र नीट सांगावा लागतो, कारण आपल्याकडे तो दोन प्रकारचा आहे: ‘चार’ मधला च घ्यावा, गुरांच्या ‘चारा’ मधला घेऊ नये. ‘एन’वर नागमोडी रेघ दिसली, की तेथे ‘न्य’ म्हणावे, जसे ‘एस्त्रान्यो’. दोन ‘आर’ एकत्र आले, की जीभ थरथरवावी. आमच्यातल्या एकीला हे अखेरपर्यंत जमले नाही आणि त्याने गाण्याचे काही बिघडलेही नाही.

सर्वांत अधिक वेळ स्वरांवर द्यावा, कारण आपली खरी अडचण तेथे आहे. स्पॅनिशमध्ये पाचच स्वर आहेत आणि त्यांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यांचा ‘आ’ रंगाने आपल्या आ सारखा, पण लांबीने आपल्या अ एवढाच असतो. देवनागरीत काना दिसला, की आपण तो ताणतो, आणि ज्याने थोडेफार शास्त्रीय संगीत शिकले आहे तो त्यावर एखादी मुरकीही घेतो. स्पॅनिश गाण्यात एकामागून एक अक्षरे साधारण सारख्या वजनाने टाकावी लागतात, त्यामुळे एका अक्षरावर रेंगाळल्यास पुढची तीन अक्षरे धावत म्हणावी लागतात.

त्यातच शब्द एकमेकांना चिकटतात. शीर्षक कागदावर तीन सुट्या शब्दांचे दिसते, परंतु तोंडातून ते ‘आ-ऊ-ना-याल्-गो’ असे पाच अक्षरांचे बाहेर पडते: पहिल्या शब्दाचा न पुढच्या ‘आय’ला जाऊन मिळतो आणि त्या ‘आय’चा य ‘आल्गो’ला. हे टाळी देऊन म्हणून घ्यावे, एका टाळीला एक अक्षर, आणि पाचांच्या सहा टाळ्या झाल्या की कोणीतरी शब्द तोडला असे समजावे. शेवटचा ग जरा सैल, जीभ पुरती न टेकवता म्हणता आला तर उत्तम.

जोर कोठे द्यायचा याचा नियम सोपा आहे. शब्द स्वराने, ‘एन’ने किंवा ‘एस’ने संपत असेल, तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, अन्यथा शेवटच्या अक्षरावर, आणि जेथे स्वरावर तिरकी रेघ असेल, तेथे नियम बाजूला ठेवून जोर त्या रेघेवर. ‘आऊन’मधल्या उकारावर ही रेघ आहे. ती वगळून लिहिल्यास शब्दाचा अर्थ ‘सुद्धा’ असा होतो; ती असली, की ‘अजून’. सगळे गाणे या एका रेघेवर उभे आहे, म्हणून ती कागदावर लाल शाईने काढावी.

अर्थ सांगायची वेळ आली, तेव्हा खालच्या काकू कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, हे तर आपलं ‘अजून’च आहे की! नुसता ज गिळलाय.” दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरीही त्या दिवसापासून कोणाचाही जोर चुकला नाही, कारण आपणही ‘अजून’ म्हणताना भार ‘जू’वरच टाकतो.

‘आय आल्गो’ म्हणजे ‘काहीतरी आहे’. आमच्यातल्या कवी मुलाला ‘अजून काही उरलंय’ असे भाषांतर हवे होते, आणि ऐकायला ते गोड लागते. पण उरणे म्हटले, की पातेल्याच्या तळाचा भात आठवतो, बाकीचा संपल्याचा हिशेब त्यात येतो. मूळ शब्द असा हिशेब मांडत नाही. प्रेम गेले असे सगळे म्हणत असताना ‘अजून आहे’ एवढेच तो सांगतो, म्हणून ‘आहे’ हेच ठेवावे. अशा गाण्यांत वारंवार भेटणारी आणखी एक गोष्ट आपल्याला सहज कळते: ‘मे दुएले’ म्हणजे ‘मला दुखतं’ आणि ‘मे गुस्ता’ म्हणजे ‘मला आवडतं’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही रचना उलटी वाटते. आपल्याला तर ती घरचीच आहे.

ध्रुवपद मराठीत गावे का, असा प्रश्न येतोच. आरबीडीनेही ब्राझीलसाठी आपली गाणी पोर्तुगीजमध्ये म्हटली होती, तेव्हा त्यात पाप नाही. आम्ही पाच अक्षरांत बसणारे ‘अजून आहे ना’ करून पाहिले, आणि त्या एका ‘ना’ने ठाम विधानाची विनवणी झाली. शेवटी गाणे स्पॅनिशमध्येच ठेवले आणि अर्थ निवेदनात दोन वाक्यांत सांगितला. मला हाच मार्ग बरा वाटतो.

चाल लिहून घेण्याचा आळस करू नये. मौलाबक्षांनी ज्या शहरात 1886 साली गायनशाळा सुरू केली आणि गाणे कागदावर उतरवण्यासाठी स्वतःची स्वरलिपी तयार केली, त्या शहरात निदान एवढे तरी व्हावे. पेटीवर आधी सा ठरवावा. मुली काळी चारमध्ये आणि मुलगे काळी एकमध्ये गाण्याचा हट्ट धरतील. दोघांना मिळून एकच पट्टी घ्यावी लागते, म्हणून ओळी वाटून द्याव्यात. मंद्राकडे झुकणाऱ्या ओळी मुलांना, वर चढणाऱ्या मुलींना, आणि ध्रुवपद सहाही जणांना. प्रत्येक ओळीखाली स्वर आणि अक्षर एकाखाली एक लिहावे, म्हणजे कोठे एका स्वरावर दोन अक्षरे येतात ते दिसते.

गाताना चेहरा पाडू नये. उसासे, मिटलेले डोळे, छातीवरचा हात हे सारे ‘हाय’चे अवशेष आहेत. तबला घेतलाच, तर साधा ठेका ठेवावा आणि शेवटी तिहाईचा मोह आवरावा. शेवटचा ‘गो’ आखूड म्हणून सहाही जणांनी एकाच क्षणी थांबावे. आमच्यातला एक जण त्या रात्री अर्धी मात्रा मागे राहिला आणि त्याचा एकट्याचा ‘गोऽ’ मसाला दुधाच्या पेल्यांवरून पार समोरच्या गच्चीपर्यंत गेला.