नळीतला गर्भ: दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी

चक्कर येतेय, पोटात अचानक जोराची कळ उठली किंवा खांद्याचं टोक दुखतंय, तर ही यादी राहू द्या आणि थेट हॉस्पिटल गाठा. गर्भ रुजलेली नळी, म्हणजे गर्भनलिका, फुटलेली असू शकते.

तब्येत स्थिर असेल आणि ऑपरेशन उद्यावर असेल, तर फाइल लावून घ्या: सोनोग्राफी, बीटा एचसीजीचे (गर्भधारणेच्या संप्रेरकाचे) रिपोर्ट तारखेनुसार आणि रक्तगट. गट निगेटिव्ह असला तर पुढच्या गर्भाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात त्या अँटी-डी इंजेक्शनचं आत्ताच विचारा, गडबडीत नेमकं तेच राहतं. विम्याचं कार्डही घ्या. बाळंतपणाचा खर्च वगळणाऱ्या पॉलिसींच्या प्रमाणित कलमात अस्थानिक गर्भधारणा (गर्भ पिशवीबाहेर राहणं, नळीतला गर्भ त्यातच आला) अपवाद म्हणून लिहिलेली असते, त्यामुळे ‘मॅटर्निटी कव्हर नाही’ एवढं ऐकून काउंटरवरून परत फिरू नका. खाणं साधारण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधी. भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर तेच पाळा. नेलपॉलिश पुसा, दागिने घरी ठेवा.

खरा वेळ द्यायचा तो सहीआधी. नळी काढणार की चीर देऊन नुसता गर्भ काढणार? दुसरी नळी खराब दिसली तर काय करणार? तुम्ही भुलेखाली असताना हे घरच्यांना विचारलं जाऊ नये. 2008 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं, पेशंट भुलेत असताना आईकडून घेतलेली संमती ग्राह्य धरली नव्हती.

‘एक नळी गेली म्हणजे आता मूल नाही’ हे नातेवाइकांचं ठरलेलं वाक्य, आणि ते चूक आहे. दुसरी नळी निरोगी असलेल्या 446 बायकांवरची एक चाचणी 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. तीन वर्षांत नैसर्गिकरीत्या गर्भ राहण्याचं प्रमाण नळी राखलेल्यांत सुमारे 61 टक्के, काढलेल्यांत 56. फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. शिवाय नळी राखली की गर्भाचा अंश आत उरू शकतो, म्हणून एचसीजी उतरेपर्यंत दर आठवड्याला रक्त देणं आलं. दुसरी नळी आधीच बिघडलेली असेल, तर मात्र ही राखण्याचा आग्रह जरूर धरा.

घरी आल्यावर एक-दोन दिवस खांदा दुखेल, तो ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे. डिस्चार्ज घेताना ऑपरेशन नोट्स मागून घ्या, त्यात दुसऱ्या नळीची अवस्था लिहिलेली हवी. मेथोट्रेक्सेट (गर्भाच्या पेशींची वाढ थांबवणारं औषध) दिलं असेल तर किमान तीन महिने गर्भ राहू देऊ नका. पुढच्या वेळी पाळी चुकली की लगेच डॉक्टरांना कळवा आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात गर्भ पिशवीतच आहे ना, हे सोनोग्राफीत पाहून घ्या.