नागपूरच्या उन्हात गाडी धुताना प्रेशर स्प्रेअर कसा वापरावा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी नऊ वाजताच उन्हातल्या गाडीच्या बॉनेटला हात लावून ठेवता येत नाही. अशा पत्र्यावर मारलेले रसायन पाहता पाहता वाळते आणि त्याचे पांढुरके ओघळ रंगावर बसतात. साध्या ट्रिगरच्या बाटलीने दुसरे दार भिजवेपर्यंत पहिले सुकू लागते. हाताने हवा भरायचा प्रेशर स्प्रेअर मात्र एका दाबात सलग, एकसारखा ओलावा देतो, आणि आपल्याकडे त्याचा खरा उपयोग हाच आहे. तरीही गाडी सावलीत घ्यावी आणि पत्रा गार होऊ द्यावा. ही अट कोणत्याही पंपाने टळत नाही.

पंप निवडताना क्षमतेच्या आधी आतले रबरी सील पाहावे. अल्कलीयुक्त क्लीनरसाठी ईपीडीएम या कृत्रिम रबराचे सील चांगले टिकते. आम्लयुक्त व्हील क्लीनरसाठी आणि डांबर काढणाऱ्या द्रावणासाठी व्हायटॉन या दुसऱ्या कृत्रिम रबराचे सील लागते. मी एकदा डांबर काढणारे द्रावण साध्या पंपात तसेच ठेवून दिले होते; काही दिवसांनी सील इतके फुगले होते की दांडा हलेना. पंपाच्या उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली नसेल, तर पेट्रोल, थिनर किंवा तत्सम ज्वालाग्राही पदार्थ त्यात भरू नयेत. शेतातला फवारणी पंप धुऊन गाडीसाठी वापरण्याचा मोहही टाळावा, कारण कीटकनाशकाचा अंश नळीत आणि सीलमध्ये राहू शकतो.

आता द्रावणाचे प्रमाण. इथे घाई करू नये, कारण बहुतेक चुका इथेच होतात. बाटलीवर १:१० लिहिले असेल, तर त्याचा अर्थ एक भाग रसायन आणि दहा भाग पाणी, म्हणजे एकूण अकरा भाग. एक लिटर द्रावणासाठी सुमारे ९१ मिलिलिटर रसायन आणि ९०९ मिलिलिटर पाणी घ्यावे. दीड लिटरच्या पंपात एवढेच भरावे, कारण पाणी दाबले जात नाही, हवा दाबली जाते. वरची एक तृतीयांश जागा रिकामी असेल तरच फवारा बराच वेळ टिकतो. आधी पाणी आणि मग रसायन घालावे, म्हणजे भरतानाच फेस वर येत नाही. शहरात पेंच आणि कन्हानचे नळाचे पाणी येते, पण अनेक घरी बोअरचे जड पाणी वापरले जाते. त्यातले क्षार नोझलच्या बारीक छिद्रात साचतात, म्हणून द्रावणासाठी आरओचे शुद्ध पाणी घ्यावे. आरओतून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र घेऊ नये. त्यात क्षार अधिकच असतात.

झाकण घट्ट लावून, दांडा जड लागेपर्यंत हवा भरावी आणि पहिला फवारा जमिनीवर मारून पाहावा. हातमोजे आणि चष्मा घालावा, वारा पाठीमागून येईल असे उभे राहावे आणि नोझल शक्यतो जाड थेंबांवर ठेवावे, कारण बारीक धुके श्वासात जाते.

गाडीवर फवारा खालून वर मारावा. वरून सुरुवात केली, तर रसायनाचे ओघळ खालच्या कोरड्या धुळीतून वाट काढतात आणि पट्टे उमटतात. समृद्धी महामार्गावरून रात्री परतलेल्या गाडीच्या बंपरवर चिकटलेले किडे हे या पंपाचे उत्तम काम आहे: साधारण एक फुटावरून भिजवावे, दोन-तीन मिनिटे थांबावे, किड्यांची कवचे मऊ होऊन सुटू लागली की पाण्याने धुवावे, कोरडे घासू नये, कारण रंगावर ओरखडे येतात. चाकांवर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण काढणारे रसायन, मारल्यावर ब्रेकच्या लोखंडी कणांभोवती जांभळे ओघळ येतात, म्हणजे ते काम करत आहे. चाके मात्र पूर्ण गार असावीत. एका वेळी एकच भाग घ्यावा आणि तो वाळण्याआधी धुऊन टाकावा. चाकाच्या कमानीत फवारताना पंप फार तिरका धरू नये. आतल्या नळीचे टोक उघडे पडले, की नुसती हवा निघते.

काम संपल्यावर आधी सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून दाब पूर्ण सोडावा आणि मगच झाकण फिरवावे. दाब असताना फिरवलेले झाकण रसायनासकट तोंडावर येऊ शकते. उरलेले द्रावण काढून घ्यावे आणि स्वच्छ पाणी भरून ते नोझलमधून फवारावे. नोझल तुंबले, तर सुई न घालता सौम्य व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवावे. सीलला अधूनमधून सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे. आम्ल आणि अल्कली यांसाठी वेगवेगळे पंप ठेवून त्यांवर ठळक नावे लिहावीत. दाब भरलेला पंप गाडीच्या डिकीत ठेवून ती उन्हात उभी करू नये, कारण उष्णतेने आतला दाब आणखी वाढतो.